काम... कोणासाठी?

फायनल इयरला आले की एक प्रश्न हात धुऊन मागे लागतो. मॉक इंटरव्ह्यू असो, मावसभावाचे लग्न असो, नाहीतर मेसच्या रांगेत मागे उभा असलेला एखादा ज्युनिअर असो... "मग, पुढे काय?" उत्तरेही आपल्याकडे तयार असतात. कॅम्पसला बसणार, जमले तर गेट देणार, नाहीच जमले तर एमबीए आहेच! पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. जे काही करणार, ते कोणासाठी?

आपण याचे उत्तर दोन कप्प्यांत वाटून टाकले आहे. पहिला कप्पा नोकरीचा. त्यात पॅकेज, प्रमोशन, पुणे की बंगळूर वगैरे. दुसरा कप्पा सेवेचा. त्यात एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प, रक्तदान शिबिर आणि वर्षातून एकदा वृद्धाश्रमात वाटलेली फळे (फोटोसकट!). पहिल्या कप्प्यात पोट, दुसऱ्यात पुण्य. यातल्या कशाचीही थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. कॅम्पला मीही गेले आहे आणि तिथली खिचडी मलाही आवडली आहे. पण मी ज्या घरात वाढले, तिथे हे दोन कप्पे कधी नव्हतेच. का नव्हते, हे सांगायचे तर तुम्हाला जरा आमच्या हाटकेशला न्यावे लागेल.

मिरा रोडला पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला नुसते 'हाटकेश' म्हटले तरी पुरते. एका बाजूला उंच टॉवर, त्यांच्या गेटवर सलाम ठोकणारे वॉचमन. दुसऱ्या बाजूला उद्योगनगरचे गाळे. कुठे प्लास्टिक मोल्डिंग, कुठे पॅकिंग, कुठे पत्र्याचे काम. जवळच्या भाईंदरची ओळख पूर्वीपासून मिठागरांची आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांची. आमच्याकडे सकाळ कोंबड्याने नाही, शटर वर जाण्याच्या खडखडाटाने होते. अशाच एका गाळ्यात माझे पप्पा टर्नर. पंचवीसहून जास्त वर्षे लेथवर उभे. आई नर्स. तिचे शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झाले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले हॉस्पिटल ते हेच. आई आता बोरिवलीकडच्या एका हॉस्पिटलात आहे, बहुतेक वेळा नाईट ड्यूटीला.

आम्ही ख्रिस्ती. मूळचे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर). हॉस्टेलवर पहिल्या वर्षी हे कळले तेव्हा रूममेटने पहिला प्रश्न विचारला, "मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" आता काय सांगू! आमच्या घरात बायबल मराठी, प्रार्थना मराठी, 'उपासना संगीत' मराठी आणि भांडणे तर अस्सल नगरी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही मराठी ओव्यांतले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते सातासमुद्रापारचे काही नाही, आपल्या घरचेच आहे.

पप्पांची एक सवय मी लहानपणापासून पाहत आले आहे. लेथवरून जॉब निघाला की त्याच्या कडेला धातूची बारीक धार राहते. तिला 'बर' म्हणतात, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. बाहेरची बर सगळेच काढतात, कारण ती दिसते. पप्पा आतली काढतात. भोकाच्या आत, दोन भोके एकमेकांना जिथे छेदतात तिथे, जिथे ना सुपरवायझरची नजर जाते ना गिऱ्हाइकाची. बारीक कानस आत घालायची, फिरवायची, मग करंगळी घालून पाहायची. सुट्टीत मी डबा द्यायला गाळ्यावर जायचे तेव्हा एकदा विचारले, "हे कोण बघणार आहे?" ते म्हणाले, "बघणार कुणी नाही. पण कुठंतरी एक फिटर यात बोट घालणार आहे."

बस्स. प्रवचन नाही, काही नाही. पुढचा जॉब चकमध्ये.

आमच्या श्रद्धेत हे कुठून आले, याचा मी नंतर विचार केला. येशू सुतार होता, हे सगळ्यांना माहीत असते. मार्कच्या शुभवर्तमानात त्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'टेक्टॉन', म्हणजे हाताने घडवणारा कारागीर. आर्किटेक्ट या शब्दाचे उत्तरार्धातले अंग हेच! सुमारे तिसाव्या वर्षी त्याने उपदेशाला सुरुवात केली, असे लूक सांगतो. म्हणजे त्याआधीची कितीतरी वर्षे तो रंधा आणि करवत घेऊन राबला असणार. त्या वर्षांत त्याने किती नांगर केले, किती चौकटी बसवल्या, याची एक ओळही कुठे नाही. पप्पा म्हणतात, "ज्या कामाची नोंद नाही, तेही देवानं केलेलंच की." पौल तर तंबू शिवून पोट भरायचा आणि उपदेशही करायचा. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ठासून सांगितले की मठातल्या साधूचे जीवन जितके देवाच्या बोलावण्याचे, तितकेच चांभाराचे आणि दूध काढणाऱ्या मोलकरणीचेही. पौलाने कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही हेच सूत्र आहे: काम माणसांना दाखवण्यासाठी नको, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा.

इथे मात्र थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर लेख सुविचाराच्या फळ्यावर जाऊन पडेल. 'काम हीच पूजा' अशी पाटी आपण किती ठिकाणी पाहतो! ती लावणारा बहुधा मालक असतो आणि वाचणारा कामगार. पूजा म्हटली की ओव्हरटाइमचे पैसे कसे मागायचे? पौलाचे ते शब्दही मुळात गुलामांना उद्देशून होते, आणि पुढच्या काळात मालकांनी ते गुलामांची तोंडे बंद करण्यासाठी वापरले, हा इतिहास आहे. मग ही श्रद्धा म्हणजे गप्प बसून राबण्याची गोळी आहे का? हा प्रश्न मी घरी विचारला होता. अकरावी-बारावीच्या वयात असे प्रश्न फार पडतात!

पप्पांचे उत्तर शब्दांत नव्हते. एकदा गाळ्यात पिनांचा एक लॉट आला, मापापेक्षा तीन-चार शतांश मिलिमीटर कमी. माल त्याच संध्याकाळी जायचा होता. "चालून जाईल," असे त्यांना सांगण्यात आले. पप्पांनी मायक्रोमीटर पुन्हा लावून पाहिला, खडूने फुली मारली आणि लॉट बाजूला ठेवला. त्यावर बोलणी खाल्ली, पुढे महिनाभर ओव्हरटाइम मिळाला नाही. आणि याच माणसाने दुसऱ्या एका वेळी अडकलेल्या मजुरीसाठी चार जणांना घेऊन शेठपुढे उभे राहून हिशेब मागितला होता. तेव्हा मला कळले. काम देवासाठी करायचे, याचा अर्थ शेठ देव आहे असा होत नाही. उलट शेठ देव नाही, असाच होतो. मजुराची मजुरी दाबून ठेवणाऱ्यांवर याकोबाच्या पत्रात फार कडक शब्दांत आसूड ओढलेला आहे. आणि सातव्या दिवशी विसावा घ्यायचा, हीसुद्धा आज्ञाच आहे, सवलत नाही.

श्रद्धा, काम आणि सेवा एकाच धाग्यात ओवली की काय होते, याची दोन मोठी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. नगरला गावी जाताना आमची गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशनवरून जाते. आजी तिथे न चुकता खिडकीबाहेर बोट दाखवायची, "रमाबाईंचं मुक्ती!" पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता की कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. पुढे केडगावला शेकडो स्त्रिया राहू लागल्या. आपण आश्रम म्हटला की दोन वेळचे जेवण आणि प्रार्थना डोळ्यांपुढे आणतो. केडगावात शेती होती, गाई होत्या, माग होते, तेलघाणा होता आणि चक्क छापखाना होता! तिथल्या मुली खिळे जुळवत आणि यंत्रावर कागद छापत. अंध स्त्रियांना ब्रेल वाचायला आणि टोपल्या विणायला शिकवले जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल भाषांतरित केले आणि तेही याच छापखान्यात छापले गेले. ज्या बाईला समाजाने अपशकुनी ठरवून कोपऱ्यात बसवले होते, तिच्या हाताला रमाबाईंनी नुसता घास दिला नाही, हुन्नर दिला. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी प्रार्थना ती होती.

दुसरे उदाहरण खास आपल्यासाठी, सिव्हिलवाल्यांनी कान टवकारावेत. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू, पण आयुष्य घातले नगरच्या दुष्काळी माळावर. या माणसाच्या लक्षात आले की दरवर्षी धान्य वाटून दुष्काळ हटत नाही. पाणी वाहून जाते आणि मातीही घेऊन जाते, खरे दुखणे तिथे आहे. मग काम सुरू झाले डोंगरमाथ्यावरून पायथ्याकडे: समतल रेषा आखायच्या, त्या रेषेवर चर खणायचे, वाहते पाणी आधी चालायला आणि मग थांबायला लावायचे. त्यासाठी गावाने एकत्र येऊन श्रमदान करायचे, काही काळ चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवायची. जर्मनीची मदत आणि नाबार्डची साथ घेऊन इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, १९९३ साली त्यासाठी 'वॉटर' ही संस्था निघाली. २०२१ साली फादर गेले. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण वैतागत ज्या कंटूर काढतो ना, त्याच रेषेवर कुणाच्या तरी विहिरीचे पाणी अवलंबून असते. रेषा थोडी जरी उताराला गेली की पाणी थांबत नाही, एका बाजूला धावून चर फोडते. तिथे भक्तिभाव कामाला येत नाही, लेव्हल बरोबरच यावी लागते. म्हणजे नीट मापणे हाच भक्तिभाव!

इथपर्यंत सगळे छान वाटते. काम आहे, श्रद्धा आहे, सेवा आहे. पण मला खरा प्रश्न पडला तो २०२० साली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि उद्योगनगरची सगळी शटर एकदम खाली आली. त्या शांततेने कान दुखायचे. मी दहावीची परीक्षा दिली होती आणि भूगोलाचा पेपर रद्द होऊन घरात बसले होते. आई मात्र रोज ड्यूटीवर. अत्यावश्यक सेवेच्या बसने जायची, तासन्‌तास पीपीई किट घालून उभी राहायची. आणि पप्पा खिडकीत बसून. पगार आधी अर्धा झाला, मग थांबला. पप्पा बोलायचे बंद झाले. सकाळी सवयीने पाचला उठायचे, दाढी करायचे आणि पुन्हा बसायचे. त्यांचे हात मांडीवर पालथे पडलेले असत. त्या हातांना असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

मनात यायचे, देव कामात भेटतो म्हणतात ना, मग काम गेल्यावर तो कुठे जातो? ज्याला काम नाही, जो म्हातारा झाला, आजारी पडला, त्याच्या आयुष्याला मग हेतूच नाही का? हा प्रश्न तुम्हाला उगाच मोठा वाटेल. पण ज्याची कॅम्पसमध्ये पाचवी कंपनी हुकली आहे, त्याला रात्री दोन वाजता विचारा!

आईची ड्यूटी सकाळी संपायची. घरी येऊन ती थेट बाथरूममध्ये जायची, कपडे साबणाच्या पाण्यात टाकून, अंघोळ करून मगच आमच्यासमोर यायची. पाय सुजून जड झालेले असायचे. एके दिवशी ती बाहेर आली तर खुर्चीपुढे बादली तयार. कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. पप्पा म्हणाले, "बस." ती "अहो, काहीतरीच काय!" म्हणत राहिली. त्यांनी ऐकले नाही. पाय बादलीत ठेवायला लावले, शेजारी चहाचा कप ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशीचा भात त्यांनीच लावला होता, थोडा लागलाही होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. मग रोजच. पुढे आईचा युनिफॉर्म धुणे, भाकरी थापणे (पहिल्या आठवड्यातल्या भाकरींना आम्ही महाराष्ट्राचा नकाशा म्हणायचो), शेजारच्या विंगमधल्या एकट्या आजोबांचा गळका नळ मास्क लावून दुरुस्त करणे, असे एकेक सुरू झाले. पैसे कशाचेच नव्हते.

योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचे काम. पेत्राला ते सहनच होत नाही, गुरूने आपले पाय धुवायचे म्हणजे काय! हा प्रसंग मी कितीतरी वेळा ऐकला होता. पण आमच्या घरात त्याविषयी कोणी एक अक्षर बोलले नाही, आणि मी मात्र रोज तो पाहत होते. तेव्हा मला माझे उत्तर सापडले, निदान माझ्यापुरते तरी. हेतू कामात नसतो. तो ज्याच्यासाठी काम करतो त्या माणसात असतो. लेथ बंद पडू शकते, माणूस कुठे संपतो? फिटरचे बोट आणि आईचे पाय यांत पप्पांनी कधी फरक केलाच नव्हता.

आईचे कामही मला तेव्हापासून नीट दिसू लागले. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. रात्री दोन वाजता, चार वाजता कुणी बघत नसते, पेशंट बेशुद्ध असेल तर त्यालाही कळत नाही. चांगले काम झाल्याची खूण एवढीच, की काहीही झाले नाही! जखम झाली नाही, याबद्दल कोण आभार मानणार? आपले सगळे इंजिनीअरिंगही असेच नाही का? पूल पडला नाही, लिफ्ट अडकली नाही, शॉक बसला नाही... त्याची बातमी कधी येत नाही.

गाळा पुन्हा उघडला तेव्हा दोन जुन्या लेथ विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी सीएनसी आले. पप्पांच्या वयाला ते शिकणे जड गेले. आता ते शेवटच्या टेबलावर बसतात, माल तपासतात आणि बर काढतात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही, माझ्या फीच्या वेळी ते घरात सगळ्यांनाच जाणवते. श्रद्धेने आमचा हप्ता भरला नाही. पण ते संध्याकाळी घरी येताना अजूनही शीळ घालत येतात. म्हणतात, "मशीन कितीही भारी येऊ दे, आतली बर अजून माणसाच्याच हाताने काढावी लागते आमच्याकडे."

तुमच्यातले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, आणि मी कोणाला काही पटवायलाही निघालेले नाही. सावता माळ्याला विठ्ठल मळ्यात भेटला, गोरोबांना मडकी घडवताना. गाडगेबाबांनी तर हातात खराटाच धरला. ज्याने त्याने आपापल्या दारातून आत यावे. माझे दार हे असे आहे, एवढेच सांगायचे होते.

हॉस्टेलवर मला ही माणसे रोज दिसतात. पहाटे साडेचारला पंप चालू करणारे काका. ते एक दिवस आले नाहीत तर आठ वाजता काय हाहाकार उडतो, ते सर्वांनी पाहिलेच आहे! मेसमध्ये तांदूळ निवडणाऱ्या मावशी, सबमिशनच्या आदल्या दिवशी आपली चाळीस जर्नल्स शांतपणे लावून ठेवणारे लॅब असिस्टंट. त्यांच्या कामाला 'सेवा' म्हणायचे की 'नोकरी', हे त्यांनी ठरवावे. पण ते काम आपल्यासाठी आहे, एवढे तरी आपण ओळखावे.

सध्या प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज चालू आहेत. ड्रॉइंगच्या तळाशी, टायटल ब्लॉकच्या वर, बारीक अक्षरांत एक टीप असते: सर्व बर काढाव्यात, धारदार कडा मोडाव्यात. आपण ती जुन्या फाईलमधून कॉपी-पेस्ट करतो, वाचतसुद्धा नाही. माझ्या चौदाही शीटवर ती मी स्वतः टाईप केली. कुठेतरी एका गाळ्यात, शेवटच्या टेबलावर बसून कोणीतरी ती वाचणार आहे आणि करंगळी आत घालून पाहणार आहे.